सात नंबरची करवत

३ जानेवारी

वन्संना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे न उघडताच कचऱ्यात टाकायला निघाला असाल, तर जरा थांबा. रडायला लिहिलेलं नाही, भांडायलाही नाही. फोन केला असता, पण अकरा वर्षांनंतर फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचेना, आणि तुम्ही "कोण?" असं विचारलं असतंत तर मी फोन आपटला असता. पत्राचं बरं असतं. मध्येच कुणी तोडत नाही.

हे गेले त्या दिवशी तुम्ही आलात, फाटकापाशी उभ्या राहिलात आणि आत न येता परत गेलात. मी खिडकीतून पाहिलं. फार राग आला होता. आता तीन महिने झाले. राग टिकवायलाही ताकद लागते, ती सध्या मी शेड आवरण्यात घालवते आहे.

तुमच्या दादांनी उभ्या जन्मात एकही वस्तू टाकली नाही. चौदा तुटक्या छत्र्या निघाल्या. झाकण नसलेले डबे निघाले आणि डबे नसलेली झाकणं निघाली, आणि ती एकमेकांना बसत नाहीत, मी बसवून पाहिली. या सगळ्याच्या मागे, ताडपत्रीखाली, एक करवत आहे. हाताची नव्हे. टेबलाच्या मधोमध गोल पातं वर येतं, तसली. टेबल सॉ म्हणता ना तुम्ही लोक? दोन हमाल आणले. दोघांना मिळून ती बोटभरही हलली नाही. एकाने तर शेवटी तिला हात जोडले.

हे म्हणायचे, "हात लावू नकोस, फार जुनी चीज आहे." मी माहेरी गेले होते तेव्हा कधीतरी आणून ठेवली; किती जुनी, कुठली, ते कधी सांगितलं नाही. स्वतः तिच्यावर एक फळी कापल्याचं मला आठवत नाही. रंगाचे डबे तेवढे ठेवायचे. आता पलीकडच्या रस्त्यावर एक नवं हॉटेल झालंय, त्याच्या मालकाच्या नजरेला ती पडली. त्याला हवी आहे. कापायला नाही हो! वर काच टाकून, फुलदाणी ठेवून, दारात मांडायला. पण म्हणतो, कुठल्या काळातली आहे ते कागदावर लिहून द्या, म्हणजे गिऱ्हाइकांना सांगता येईल.

मी शिंपीण. शिवणयंत्राचा आवाज ऐकून मी त्याचा आजार सांगेन, पण करवतीतलं मला ओ की ठो कळत नाही. तुम्ही त्या प्रशिक्षण संस्थेत वीस वर्षं सुतारकाम शिकवलंत. करवतीवर तुमची दोन बोटं गेली, तेव्हापासून तुम्ही तिचं नाव काढत नाही, हेही मला माहीत आहे. तरी विचारते. दुसरा कुणी मला गोड बोलून बनवेल. तुम्ही निदान तोंडावर अपमान करून खरं सांगाल.

तुमची वहिनी

ता. क. आपल्या दोन घरांचं बोलणं बंद झालं ते मी तुमच्या चहाला "भांडी विसळलेलं पाणी" म्हणाले त्यावरून, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. तो शब्द मागे घेते. चहा मात्र वाईटच होता.


११ जानेवारी

वहिनी,

पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. मग उघडलं.

फाटकाबद्दल काही लिहीत नाही. करवतीबद्दल लिहिते.

"जुनी चीज" याला काही अर्थ नाही. दादा स्वतःच्या चपलांनाही जुनी चीज म्हणायचा. करवत ओळखायची तर आधी अंग बघायचं, नाव सगळ्यात शेवटी, कारण नावाची पाटी कुणीही कुठूनही काढून कुठेही ठोकतो. माणसंसुद्धा ठोकतात.

अंगावर टिचकी मार. पत्रा असेल तर डब्यासारखा वाजेल. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असेल तर तुझ्या नवऱ्यासारखं, कितीही टोचा, गप्प. जुन्या करवतींचं टेबल आणि पोट दोन्ही बिडाचं असतं, म्हणून तुझे हमाल हरले. मग बघ, तिरकं कापायचं झालं तर कलतं काय. चाक फिरवल्यावर पातं कलत असेल तर ती त्यामानाने अलीकडची. पातं ताठच राहून अख्खं टेबल कलत असेल तर जुनी. उतारावर फळी धरून पात्यापुढे उभं राहण्यात काही गैर आहे, असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. पट्टा कसला आहे तेही बघ, आणि पट्टा नसेल तर पुली. रुंद, सपाट पुली म्हणजे फार जुनी, एकाच लांब दांड्यावर सगळा कारखाना चालायचा त्या वेळची. पुलीला मधोमध खाच असेल तर नंतरची.

टेबलाच्या पोटाखाली ओतकामात उठलेले अंक असतात. वर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी घासत ने, अंक कागदावर उतरतील. तो कागद मला पाठव. आणि एका कोपऱ्यात रंग खरवड. खालचे थर बघितले की ती कुठे कुठे नांदून आली ते कळतं.

वीज तोडल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हे सांगायला लागू नये, पण मी वीस वर्षं शिकवलंय, सगळं सांगावं लागतं.

चहावरून नव्हतं. 

वन्सं


१९ जानेवारी

वन्संना नमस्कार.

टिचकी मारली, नख तुटलं. बीड आहे.

टेबल कलतं! चाक फिरवलं तर सगळे रंगाचे डबे ओळीने घरंगळत खाली आले, आणि एकाचं झाकण, जे चाळीस वर्षं निघत नव्हतं, ते बरोबर माझ्या पायावर निघालं. मी सध्या एका पायाने निळी आहे. पट्टा उंदरांनी खाल्लाय, पुलीला मधोमध खाच आहे. हाताने फिरवायच्या चाकाला पाच वाकड्या आऱ्या आहेत, मोराच्या मानेसारख्या. फार देखणं चाक आहे. हल्ली इतकी मेहनत कोण घेतो? फळी टेकवायची जी लांब पट्टी असते (आम्ही शिवताना काठ सरळ यावा म्हणून सुईशेजारी लावतो तशीच, फक्त तिच्या आजीएवढी), ती अजून घट्ट बसते. टेबलात दोन लांब खाचा आहेत. उजवीच्या टोकाला टवका उडालाय, कुणीतरी काहीतरी जड आपटल्यासारखा.

अंकांचा कागद सोबत आहे. मला त्यात शेवटी बदकासारखं काहीतरी दिसतंय, ते अक्षर आहे की बदक ते तुम्ही बघा.

आता खरी गंमत. रंग खरवडला. हिरवा, त्याच्याखाली हिरवा, त्याच्याखाली पुन्हा हिरवा. हे तिन्ही हात ह्यांचेच, असा ओघळ दुसरा कुणी सोडत नाही. तिसऱ्या हिरव्याखाली राखाडी रंग निघाला आणि त्यावर लाल रंगात वीतभर उंचीचा ७. शेपटी वळवलेला, छान मन लावून काढलेला. हॉटेलवाला नाचायचा बाकी आहे. म्हणतो, जगात अशा सातच बनल्या असणार आणि ही शेवटची. तसं असतं का हो?

मोटर बांधणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, मोटरीला काही झालेलं नाही, नवा पट्टा टाका, पळेल. माझ्या मनात आता वेगळंच येतंय. मला कापड बेतायला एक मोठं टेबल हवं आहे, केव्हापासून. घरात करवत असताना फुलदाणीला कशाला द्यायची?

कुठली आहे ते कळवा. वाट बघते.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

उशीर झाला. ती करवत भंगारात दे. हॉटेलवाल्याला नको, कुणालाच नको. फोडून वितळवायला दे. विशेष काही नाही, दुय्यम माल आहे. चालू करू नकोस. कारण विचारू नकोस.

वन्सं


२ मार्च

वन्संना नमस्कार.

पाच आठवडे थांबायला लावलंत आणि एवढंसं कार्ड पाठवलंत. दुय्यम माल असेल तर असू दे की. दुय्यम मालाला कुणी थेट फाशीची शिक्षा देतं का?

उशीर केलात, त्यामुळे आता ऐकून घ्या. पट्टा आणला. मोटर बांधणारा येऊन बसवून गेला, पात्याला धार लावून दिली. चालू केली. काय सांगू तुम्हाला! आधी घसा खाकरल्यासारखं केलं आणि मग एका सुरात गायला लागली. एक जुनी फळी पट्टीला टेकवून पुढे ढकलली, तर काठ असा निघाला की इस्त्री केलेली चुणी. अंगभर भुसा उडाला, केसांत, कानांत. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा एकटीच मोठ्याने ओरडले, आनंदाने.

पात्यावर एक लोखंडी टोपी होती आणि पात्याच्या मागे एक उभी पट्टी. टोपीमुळे सुई कुठे चालली आहे तेच दिसत नाही, म्हणून मी दोन्ही काढून ठेवलंय. टेबलासाठी मोठ्या फळ्या सात तारखेला येताहेत. जरा ओल्या आहेत, पण चालतील.

आता दुसरी गोष्ट. ही मी दोनदा लिहून खोडली.

पट्टा बसवायला करवतीच्या पोटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला ह्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं आहे. जसं आहे तसं उतरवते: "पट्टी पक्की. पूर्ण जोर लावला, केसभर सरकत नाही. शाफ्ट सरळ. बेअरिंग ठीक. मशीनमध्ये काही दोष नाही. मग ती असं का म्हणाली?" त्याखाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख. त्याखाली, दुसऱ्या पेन्सिलीने: "तिला विचारलं. फार वाईट झालं. हिला काही सांगायचं नाही."

"हिला" म्हणजे मी, एवढं मला कळतं. "ती" कोण?

मी तारखेवरून आठवून काढलं. त्या महिन्यात हे दोन दिवस "एका मित्राकडे" गेले होते. परत आले ते तोंड पाडून. आठवडाभर धड जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पोट बिघडलंय. वन्सं, मी लग्नाचे कपडे शिवते. प्रेमभंग झालेली माणसं मी मापं घेताना पाहिली आहेत, ती अशीच दिसतात. सत्तावन्न वर्षांचा, गुडघे वाजणारा, तुटक्या छत्र्या जमवणारा माणूस, आणि त्याची भानगड! आधी मला हसूच आलं. मग नाही आलं.

तुम्ही बहीण आहात. तुम्हाला माहीत असणार, म्हणूनच "भंगारात दे, कारण विचारू नकोस". कोण ती? मोठ्या मनाने माफ करीन वगैरे म्हणणार नाही, माझं मन मध्यम मापाचं आहे. भिंतीवरचा फोटो ठेवायचा की उतरवायचा, एवढंच ठरवायचंय.

वहिनी


५ मार्च, तातडीने

वहिनी,

हे पत्र माणसाच्या हाती पाठवते आहे. सगळ्यात आधी, पुढचं वाचायच्या आधी: करवत बंद कर, टोपी आणि मागची उभी पट्टी परत बसव. बसवलीस? मग वाच.

टोपी दिसण्याच्या आड येते, खरं आहे. पण मागची ती उभी पट्टी कशाला असते ते ऐक. पातं फळीला चिरत जातं तसे मागे दोन भाग मोकळे होतात. लाकूड ओलं असेल तर ते दोन भाग परत जवळ येतात आणि पात्याला चिमट्यात धरतात. पात्याचे मागचे दात वर येणारे असतात. ते फळी उचलतात आणि सरळ तुझ्या पोटावर फेकतात. डोळ्यांचं पातं लवायच्या आत. फळीवर हात असला तर फळी जाते आणि हात पात्यावर राहतो. मधे ती पट्टी असली की चिरलेले भाग जवळ येऊच शकत नाहीत. ओल्या फळ्या आणल्यास तर परत पाठव. नाही पाठवल्यास तर महिनाभर वाळव. फळीच्या रेषेत उभी राहू नकोस, बाजूला राहा. पातं फळीच्या जेमतेम वर येईल एवढंच उचल. शेवटची वीतभर फळी हाताने नाही, काठीने ढकलायची. बाह्या घट्ट, केस बांधलेले, गळ्यात काही नाही.

आता "ती".

ती मी.

तुझ्या नवऱ्याची कसलीही भानगड नव्हती. त्याला भानगड जमली नसती, त्याला वेळेवर आंघोळ जमत नसे. तो "मित्राकडे" गेला नव्हता, माझ्याकडे आला होता.

तू खरवडून काढलास तो सात आमच्या वर्कशॉपचा आहे. आमच्याकडे नऊ मशीन होती, प्रत्येकाला नंबर. तो सात मी काढलेला आहे. खाचेच्या टोकाचा टवका माझ्या हातून गुण्या, काटकोन बघायचं जड लोखंडी हत्यार, पडला त्याचा. तुझं जानेवारीचं पत्र वाचलं आणि चाकाच्या पाच आऱ्यांपर्यंत आले तेव्हाच मला ती ओळखीची वाटली. सात वाचला आणि कागद घडी करून ठेवला. पाच आठवडे कपाटात होता.

माझी बोटं ज्या करवतीवर गेली ती ही.

तुम्हाला सगळ्यांना मी काय सांगितलं होतं? की कापताना फळी टेकवायची पट्टी सरकली. की मी देखभालीच्या फिटरला ती आवळायला दोनदा सांगितलं होतं आणि त्याने आवळली नव्हती. हॉस्पिटलमध्ये प्राचार्य उशाशी बसून विचारत होते आणि मी हे बोलले. एकदा बोलले, मग तेच बोलत राहिले.

झालं होतं असं. त्या दिवशी तपासणीला पाहुणे आले होते. आम्ही शिकवणारे पंधरा जण, त्यांत बाई मी एकटी. पाहुण्यांपैकी एक जण हसत म्हणाला, "या बाई मशीन चालवतात की पुसतात?" मला दाखवायचं होतं. नीट दिसावं म्हणून मी टोपी काढली, मागची पट्टी काढली. फिटर दारात उभा होता. तो म्हणाला, "बाई, टोपी." मी म्हणाले, "गप्प बसा हो." फळी ओली होती. बाकीचं वर लिहिलंय.

फिटरला आठवड्याच्या आत घरी पाठवलं. त्याचं म्हणणं कुणी विचारलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दादा माझ्यासाठी पेटून उठला होता. अर्ज काय, भेटी काय. वर्षभराने वर्कशॉप बंद झालं, मशीन लिलावात निघाली, तेव्हा त्याने ही घेतली. का, तर हिची पट्टी सरकते हे सगळ्यांना दाखवून देणार. मग त्याने तपासली आणि ती सरकेना. तो मला विचारायला आला. ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "मी सगळा जोर लावून बघितला गं, हलत नाही." मी त्याला सांगितलं की तुझा लोखंडावर विश्वास आहे, बहिणीवर नाही, आणि पुन्हा इथे पाय ठेवू नकोस. त्याने नाही ठेवला. तीन हात रंग देऊन सात झाकला, आणि तुलासुद्धा सांगितलं नाही. फाटकापाशी मी का थांबले ते तुला आता कळलं असेल.

फोटो राहू दे भिंतीवर.

वन्सं


१२ मार्च

वन्सं,

टोपी बसवली, मागची पट्टी बसवली. फळ्या आल्या होत्या, शेडच्या भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या आहेत. तुमचं पत्र दोन दिवस उशिरा आलं असतं तर मी काय केलं असतं, ते मी डोळ्यांसमोर आणायचं टाळते आहे. मी शिंपीण आहे, मला दहाच्या दहा लागतात.

तर नवरा निष्ठावान निघाला. खरं सांगू, किंचित निराशाच झाली. चार दिवस मी त्या बाईचा चेहरा, उंची, ब्लाउजचं माप, सगळं ठरवून ठेवलं होतं.

आता राग. मला वाटलं होतं, तुमच्यावर येईल. आधी ह्यांच्यावर आला. अकरा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला आणि मी चहाचं कारण धरून बसले. मी कितीदा म्हणाले, "चला, वन्संकडे जाऊन मी माफी मागते." दर वेळी हे म्हणायचे, "राहू दे." मला वाटायचं, काय हा माणूस, चहावरून बहिणीला तोडतो! मनातल्या मनात मी ह्यांना कोत्या मनाचा ठरवून टाकलं होतं. ते मला आता कुणाकडे मागे घेता येणार? फोटोकडे घेतलं. फोटो नेहमीसारखाच, गप्प.

मग तुमच्यावर आला. तुम्ही लिहिलंत ते वाचून मला रडू आलं, पण तुम्ही मला चुचकारायला सांगितलेलं नाही आणि मी चुचकारणारही नाही. त्या हसणाऱ्या पाहुण्याला मी कात्रीने टोचलं असतं. पण तो पाहुणा काही फिटर नव्हता. बोटं तुमची गेली, नोकरी त्याची गेली. बोटं तुम्ही स्वतः घालवलीत. नोकरी त्याने नाही घालवली.

तुम्ही पाच पानं लिहिलीत. त्यात तो माणूस आता कुठे आहे, ही एक ओळ नाही.

हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याला म्हणाले, जगात सात नाहीत, एका वर्कशॉपमधली सातवी आहे. त्याचं तोंड एवढंसं झालं.

तुम्ही इकडे या, असं मला फार लिहावंसं वाटतंय. फळ्या वाळेपर्यंत मला शिकवायला कुणीतरी हवं आहे, आणि घर फार मोठं वाटतं. पण आधी त्याच्याकडे जा. तिकडून मग इकडे. तिकडे न जाता आलात तर मी फाटक उघडीन, खोटं कशाला बोलू, पण नीट बोलणार नाही.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

जुन्या स्टोअरकीपरकडून पत्ता मिळाला. एका मोठ्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. पंप, पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. गल्लीच्या तोंडापर्यंत मी तीनदा गेले. दोनदा परत आले. तिसऱ्यांदा समोरच्या फुलवालीने विचारलं, "बाई, कुणी हरवलंय का?" मग लाज वाटून पुढे गेले.

त्याआधी संस्थेत जाऊन सगळं लिहून दिलं. माझी सही, तारीख, काय घडलं ते क्रमाने. वर्कशॉपच राहिलेलं नाही, त्यामुळे हा कागद कुठल्या फायलीत लावायचा यावर तिथल्या कारकुनांचं अर्धा तास भांडण झालं. शेवटी एकाने शिक्का मारून माझ्या हातात पोच दिली. ती पोच घेऊन मी दुकानात गेले.

तो खाली बसून पंप उघडत होता. केस पांढरे झालेत, बाकी तोच. मला बघून उठला नाही. माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसा बाई. स्टूल घ्या."

मी उभीच राहिले. पाठ करून गेले होते, तरी निम्म्यात विसरले. टोपी मी काढली, पट्टी सरकली नव्हती, तुम्ही मला बजावलं होतं, मी खोटं बोलले. एवढं चार वाक्यांत झालं असतं. मला बराच वेळ लागला. तो तोवर पंपाच्या आत बोटं घालून काहीतरी चाचपत होता. मी थांबले तेव्हा म्हणाला,

"झालं?"

"झालं."

"हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. पट्टी मी आवळलेली. फरशीवर पडलेली टोपी मी उचलली. तुमच्या हाताला फडका मी बांधला. मी तिथे होतो ना, बाई."

मी पोच पुढे केली. त्याने हात पुसले, ती वाचली, परत वाचली आणि घडी करून खिशात नाही, पान्यांच्या डब्यात ठेवली, स्क्रूंच्या शेजारी.

"आता काय करू?" मी विचारलं. वहिनी, मी वीस वर्षं लोकांना काय करायचं ते सांगत आले. असं मी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

"आत जा," तो म्हणाला, "आणि माझ्या बायकोला सांगा. मी सांगून दमलो."

दुकानाच्या मागेच घर. एक खोली, मोठी खिडकी, सगळं लख्ख. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी कोण ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जराही बदलला नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे बोटंवाल्या." दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं मला वाटलं होतं. नाही गेलं. तिथे दाराच्या बिजागऱ्या, पंख्याची दांडी, कपाटाची कडी, जिकडे बघावं तिकडे प्रत्येक स्क्रूचं डोकं झिजलेलं होतं, इतक्या वेळा कुणीतरी ते आवळलं होतं. मी बोलत होते आणि ती एकाच उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

माझं संपलं. तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिला बहुतेक कळलं असावं, म्हणूनच दिली नाही. अभ्रा खाली ठेवून ती उठली आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. तो पाठमोरा बसला होता. तिने त्याच्या पाठीला विचारलं,

"पट्टी तुम्ही आवळली होतीत, मग घरातला एकेक स्क्रू दोनदोनदा का आवळता?"

तो मान वर न करता म्हणाला, "तू बघत असतेस म्हणून."

ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली. मग तिने हात पुढे करून त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

मला कुणी जा म्हणालं नाही, थांबाही म्हणालं नाही. दोघं दारातच होती, त्यामुळे मला त्यांना ओलांडून बाहेर पडावं लागलं. ओलांडताना त्याने पाय थोडे आत घेतले, तेवढंच.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते.

वन्सं